वारेची तपासणी

मूल लहान आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "पोटातलं मूल लहानच असणार." त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि कानडीत बोलायला लागल्या, कारण नातसुनेला कानडी येत नव्हती आणि नातवाला त्या वेळी कुठलीच भाषा कळत नव्हती.

"अज्जी, कार्डावरच्या तारखेप्रमाणे चौतीस आठवडे झालेत. मशीनमध्ये मूल दिसतं एकोणतीस आठवड्यांचं. पाच आठवडे मागे आहे. वर हिचा बीपी एवढा, पाय असे सुजलेले. मला हे बरं दिसत नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"फुप्फुसं लवकर पिकायची इंजेक्शनं देऊ. ती लागू पडली की काढू. आत राहून उपाशी मरण्यापेक्षा बाहेर काढून वाचवायचा प्रयत्न करू."

हे मी नातसुनेला मराठीत सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. तिला लपवून काय उपयोग, पोट तिचं होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली.

नातू म्हणजे माझ्या मुलाचा मुलगा. मुलगा आणि सून नोकरीसाठी हुबळीला असतात. मी नातवाकडे बेंगळुरात, मारतहळ्ळीला, त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझे मालक सरकारी कारखान्यात फिटर होते आणि मारतहळ्ळीला कुणी राहायला जात नसे. आता तिथंच सगळे राहायला येतात. नातवाचा जन्म इथलाच. घरात मराठी, रस्त्यावर कानडी, ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी. बायको मात्र मिरजेजवळच्या खेड्यातली केली. कामाला वाघीण, बोलायला मुकी. परक्या माणसासमोर तर तिच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो.

दिवस राहिल्यावर इथंच जवळच्या क्लिनिकमध्ये नाव घातलं, कार्ड मिळालं. सोनोग्राफीचा दिवसही ठरला होता. तेवढ्यात तिच्या वडिलांना लकवा मारला आणि ती माहेरी गेली. गेली ती राहिलीच. तिकडे सगळं घर वडिलांच्या उशाशी. सरकारी दवाखान्यातली बाई वजन करायची, लोहाच्या गोळ्या द्यायची, कार्ड बघायची आणि परत द्यायची. सोनोग्राफीचं उद्या, परवा, वडील घरी आले की, असं करत राहून गेलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. ओटीभरणही तिकडेच झालं. बायका म्हणाल्या म्हणे, सातवा सरत आला तरी पोट दिसत नाही, बेंगळुराला खायला देत नाहीत का हिला. मग एके दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं, बीपी वाढलेला निघाला, आणि तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात न्या. नातवाच्या ऑफिसचा विमा इथल्या दवाखान्यात चालत होता, म्हणून तो तिला गाडी करून घेऊन आला. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती.

दवाखाना बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या अलीकडे. जुना, धर्मादाय, स्वच्छ. त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावात पाण्याची बोंब होती. आमच्या बिल्डिंगमध्ये टँकरची वाट बघत बादल्या रांगेत ठेवायच्या. दवाखान्यात मात्र नळाला पाणी होतं, म्हणून नातेवाईक अंघोळी तिथं उरकायचे आणि आयाबाई शिव्या द्यायची.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई परत आल्या आणि म्हणाल्या, काढण्याआधी मला एक तपासणी करायचीय. रक्ताची. बाहेरच्या लॅबला पाठवावी लागेल.

नातू म्हणाला, "अजून एक? कशाला?"

त्यांनी समजावलं. सोनोग्राफीत मूल लहान आहे एवढं कळतं, का लहान आहे ते कळत नाही. आईच्या पोटात मुलाला जेवण पोचवते ती वार. नाळेचं एक टोक मुलाच्या बेंबीला आणि दुसरं त्या वारेच्या गोळ्याला. ही वार आईच्या रक्तात एक हार्मोन सोडते. वार नीट चालत असली की ते भरपूर असतं, वार थकली की कमी होतं. "ते कमी निघालं तर मूल उपाशी आहे, थांबण्यात अर्थ नाही. चांगलं निघालं तर..." असं म्हणून त्या थांबल्या. "तर मग विचार करावा लागेल."

मला हे नवीन नव्हतं. माझं पहिलं मूल पोटातच गेलेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला मालकांनी मला मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथं दिवसभराची लघवी साठवून आणायला सांगत. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतची सगळी त्यांनी दिलेल्या डब्यात. एकदा जरी बाहेर गेली तरी हिशेब चुकला. सासूबाई तो डबा घरात येऊ देईनात. तो न्हाणीच्या मागे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायची तर मी जायची नाही, कारण तिथं लागली तर काय करणार? मालक तो डबा सायकलच्या हँडलला अडकवून इस्पितळात नेऊन द्यायचे. रिपोर्ट यायचा तोवर पुढचा डबा भरत आलेला असायचा. त्या लघवीत काय बघतात, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तो मुलगा जगला, तो आता हुबळीला आहे. लघवीत बघत होते तेही वारेचंच होतं, हे मला नातसुनेच्या वेळी कळलं.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ती तपासणी आता कुणी करत नाही अज्जी. फार भरवशाची नव्हती."

"सायकल भरवशाची होती," मी म्हणाले.

रक्त घेऊन गेले. तोवर नातसून पलंगावर डाव्या कुशीवर. दर थोड्या वेळानं नर्स पोटाला पट्टा बांधून ठोके ऐकवायची. घोडा पळतो तसा आवाज. नातू मोबाईलमध्ये तोंड घालून एवढ्याशा मुलांच्या जगण्याबद्दल वाचत बसला होता आणि मधूनच बायकोला सांगत होता.

"आजकाल एवढी लहान मुलं पण वाचतात गं. फक्त डोळ्यांना, मेंदूला थोडा प्रॉब्लेम..."

"मोबाईल ठेव," मी म्हणाले.

"आजी, मी तिला धीर देतोय."

"असा धीर दिलास तर ती पळून जाईल. ठेव."

तो उठून बाहेर गेला. नातसून तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आजी, काचेच्या पेटीत ठेवतात ना? मला बघू देतील का?"

मी म्हणाले, देतील. मला ठाऊक नव्हतं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन पलंगाच्या कडेला उभ्या राहिल्या. बराच वेळ कागद बघत होत्या. मला वाटलं, संपलं.

"हे जुळत नाहीये," त्या म्हणाल्या. "हार्मोन चांगलं आहे. नुसतं चांगलं नाही, चौतीस आठवड्यांच्या मानानं फारच भरलेलं आहे. नाळेतलं रक्त नीट वाहतंय. मुलाचं डोकं, पोट, मांडी सगळं सारखंच लहान. उपाशी मूल असं नसतं. त्याचं पोट खपाटीला जातं, डोकं मोठं राहतं." मग त्यांनी पलंगाला लटकवलेलं कार्ड काढलं. "ही पाळीची तारीख कुणी सांगितली?"

"मी," नातू म्हणाला. "म्हणजे हिनं मला सांगितली. मी क्लिनिकमध्ये लिहून दिली."

"हिनं तारीख सांगितली?"

"तारीख नाही. श्रावणातला पहिला मंगळवार, असं म्हणाली. मी फोनवर बघितलं श्रावण कधी लागला ते. त्यातला पहिला मंगळवार लिहिला."

डॉक्टरीणबाईंनी नातसुनेला हिंदीत विचारलं, मंगळवारच कसा लक्षात राहिला? ती खाली बघत बसली. मी म्हणाले, "बोल पोरी, इथं लाज धरून काय करणार आहेस? नवरा आहे आणि डॉक्टर आहे."

ती मला म्हणाली, "पहिल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची होती. माहेरी सगळी तयारी झाली होती. मी नेमकी बाजूला बसले. मग पूजा दुसऱ्या मंगळवारी केली."

मी हे कानडीत सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या वर्षी श्रावण दोन होते. तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, तो अधिक महिना, आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात, वाण देतात, पण व्रतं करत नाहीत. व्रतं सगळी त्याच्या मागून येणाऱ्या खऱ्या श्रावणात. मंगळागौर ही लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी करायची पूजा. ती धोंड्यात कुणी करत नाही. माझ्या नातवाच्या फोनला श्रावण विचारला तर त्यानं पहिला दाखवला. नातवानं तोच लिहिला. त्याला दोन असतात हेच माहीत नव्हतं.

मला खात्री करायची होती. मी त्याला म्हणाले, तुझ्या सासूला फोन लाव. त्यानं लावला आणि स्पीकरवर टाकला.

"विहीणबाई, मंगळागौर कधी केलीत हो तुम्ही?"

"का हो? पोर बरी हाय न्हवं?" तिकडून आवाज घाबरलेला.

"बरी आहे. मंगळागौर सांगा. धोंड्यात केलीत का मागून?"

"अगं बया! धोंड्यात कुठली मंगळागौर? आम्ही काय सगळं सोडून दिलंय व्हय? धोंड्यात जावईबापू आले, जेवले, वाण घेतलं, दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. निज श्रावण लागल्यावर मंगळागौर. त्यातबी पहिला मंगळवार हुकला, ही कावळा शिवून बसली. चकल्या सगळ्या फुकट गेल्या."

"आषाढापासून ती तुमच्याकडेच होती ना?"

"आखाडाला आणली ती मंगळागौर जागवूनच धाडली."

मी फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या इथल्याच. आषाढात नव्या नवरा-बायकोला वेगळं ठेवतात हे त्यांच्याकडेही आहे आणि अधिक महिनाही आहे. माझं पुरतं सांगून व्हायच्या आत त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, अधिक मास!"

नातू म्हणाला, "पण आजी, मी गेलो होतो ना मध्ये. धोंड्याला. एक दिवस."

"गेलास तो मेव्हण्यांच्या ओळीत बैठकीत झोपलास. तूच येऊन सांगितलंस, रात्रभर घोरणं ऐकलं म्हणून. कार्डावरची तारीख खरी धरली तर गर्भ राहिला तेव्हा तू इथं आणि ही तिथं. मग कुणाकडे बोट दाखवायचं ते सांग."

नर्स मराठी न कळताही हसली. नातसुनेनं चादर तोंडावर ओढली. डॉक्टरीणबाईंनी खिशातून पुठ्ठ्याची गोल चकती काढली, तिच्यावर तारखा आणि आठवडे छापलेले असतात. ती फिरवली, परत फिरवली. "एकोणतीस," त्या म्हणाल्या. "मशीन बरोबर होतं." हसू लगेच गेलं. एकोणतीस आठवड्यांचं मूल आम्ही त्याच आठवड्यात बाहेर काढणार होतो, चौतीस समजून. पेटीत ठेवलं असतं आणि मग ते का जगत नाही हे कुणाला कळलं नसतं.

"आता आनंद करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तारीख चुकली होती. बीपी खरा आहे. वार आज चालतेय. उद्याचं मी सांगू शकत नाही."

त्या बाईंचं मला हे आवडलं. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायच्या.

काही दिवस ठेवून घेऊन तिला घरी पाठवलं. गोळ्या, डावी कूस, मीठ बेताचं. दर आठवड्याला रिक्षानं दवाखाना. रिंग रोडच्या गर्दीत रिक्षा तासभर उभी राहायची आणि रिक्षावाला मागं वळून म्हणायचा, "स्वल्प अडजस्ट माडी अक्का," म्हणजे जरा सांभाळून घ्या, जणू गर्दी आम्ही केली होती. मी तिला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. बादल्या नातवानं उचलल्या. मी भाकरी थापायची आणि ती पलंगावरून सांगायची, आजी, करपतीय. तिला माझ्याशी बोलायला येऊ लागलं. मूल लाथ मारायचं तेव्हा ती माझा हात ओढून पोटावर ठेवायची. मला ते आवडायचं नाही, पण मी हात ठेवायची.

पाडवा झाला. गुढी नातवानं गॅलरीत उभारली, शेजारच्या कानडी बाईनं बेवू-बेल्ला म्हणजे कडुलिंब आणि गूळ आणून दिला. नातसुनेचा चेहरा तेव्हाच मला सुजका दिसला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. त्या मी साबण लावून काढल्या. तिला आवडलं नाही. बांगड्यांविना हात बरा नाही म्हणाली. मी हिरवा दोरा बांधून दिला.

चैत्र अर्धा सरत आला होता तेव्हा बीपी गोळ्यांना जुमानेना. परत त्याच दवाखान्यात, परत रक्त त्याच तपासणीला. या वेळी डॉक्टरीणबाईंना कागद फार वेळ बघावा लागला नाही.

"उतरलं," त्या म्हणाल्या. "खूप उतरलं. महिन्यात मूलही जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलं नाही. आता खरे चौतीस आठवडे आहेत. आता काढायचं."

मी नातसुनेला सांगितलं. तिनं मान हलवली. नाही म्हणून.

"मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते. चौतीस झाले, काढा. तेव्हा काढलं असतं तर गेलं असतं. आता पण थांबू आजी. नऊ महिने भरू देत."

तिनं स्वतःच आईला फोन लावला. विहीणबाई म्हणाल्या, "तारीख चुकली तशी मशीनबी चुकली असंल. डॉक्टरांचं काय जातंय? पोटात हाय तोवर देवाच्या हातात हाय." नातू सहीचा कागद हातात धरून उभा. तो बायकोकडे बघे, माझ्याकडे बघे. मागच्या वेळी चूक त्याची निघाली होती. आता सही करायला त्याचा हात धजत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी जबरदस्ती करू शकत नाही, पण फार वेळ नाही. आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी नातवाला बाहेर पाठवलं आणि पलंगावर बसले. मी तिला माझं पहिलं मूल सांगितलं. घरात ते कधी कुणी बोलत नाही, तिला ठाऊक नव्हतं.

मी सांगितलं की मला आठवा होता. मूल हलायचं कमी झालं. सासूबाई म्हणाल्या, आठव्यात मूल निजतं, दंगा करत नाही. मला बरं वाटलं. मी पाट्यावर चटणी वाटत होते, कपडे धूत होते, आणि ते आत निजलंय असं समजत होते. ते निजलं नव्हतं. सुईण आली, मूल आलं, मुलगा होता, नखं सुद्धा होती. तेव्हा हे रक्त नव्हतं, मशीन नव्हतं. मला कुणी काही सांगायला नव्हतं, म्हणून मी थांबले. तुला सांगणारं आहे.

"पण मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी तारीख चुकली होती. रक्त चुकलं नव्हतं. रक्तानं तेव्हा सांगितलं, वार चालतेय. त्यावरूनच डॉक्टरीणबाई थांबल्या, तुझ्या मंगळागौरीवरून नाही. आता तेच रक्त सांगतंय, वार थकली. तेव्हा पटलं तर आता पटायला पाहिजे. हवं तेव्हा खरं आणि नको तेव्हा खोटं, असं नाही चालत."

तिनं विचारलं, "आणि काढून पण गेलं तर?"

"तर गेलं. मी देव नाही. पण आत ठेवलं तर उपाशी राहणार, हे आता ठाऊक आहे."

तिनं बराच वेळ पोटावरून हात फिरवला. हलतंय का विचारलं तर म्हणाली, कालच्यासारखं नाही. हे तिनं नर्सला सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनंच मग नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, करा सही.

तिला आत नेलं. नातू बाकावर बसला. त्याच्या फोनवर सासूचा फोन येत होता, तो उचलत नव्हता. शेवटी मी उचलला. त्या रडत होत्या. "तुम्ही सांगितलंत म्हणं काढायला." मी म्हणाले, हो, मी सांगितलं. बरंवाईट झालं तर मला बोला, पोरीला नको. त्या म्हणाल्या, फोन चालूच ठेवा. मी ठेवला. दोघी काही न बोलता बसलो, तिकडे त्यांच्या नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

रडण्याचा आवाज आला तो मांजराच्या पिलासारखा. एकदा आला आणि बंद झाला. नंतर परत आला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, हेण्णु मगु, मुलगी. दोन किलो पण नाही, पण श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. फोनमधून विहीणबाईंनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. मग मी फोन बंद केला.

मी नर्सला म्हणाले, मला वार दाखव. ती म्हणाली, कशाला अज्जी, घाण असते. मी म्हणाले, आम्ही हातानं पुरायचो, मला घाण सांगू नकोस. ती डॉक्टरीणबाईंना विचारून आली आणि दारातच ट्रेमध्ये दाखवली. मी पाहिलेल्या वारा ताटलीएवढ्या, लाल, मांसल असायच्या. ही लहान होती. अर्ध्याहून जास्त भाग पांढरा, चुन्याच्या खड्यासारखा घट्ट झालेला. लाल उरलं होतं ते एका कडेला. मूल त्या कडेवर जगत होतं. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं. नर्सनं झाकण घातलं.

नातसून शुद्धीवर होती, पण थंडीनं कुडकुडत होती. मला बघून तिनं पहिलं विचारलं, "आजी, वार कशी होती?" बाळ आधीच दाखवलं होतं तिला. मी म्हणाले, अर्धी मेलेली. तिनं नुसता माझा हात घट्ट धरला आणि कापत राहिली, आणि मी आयाबाईला दुसरी चादर आणायला ओरडले.

मूल काचेच्या खोलीत. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ओढून प्यायची ताकद नाही, पण आईचं दूध मिळालं तर फार बरं, नळीनं घालू. नातसुनेला उठवत नव्हतं. मी तिला टेकवून बसवलं आणि छाती दाबायला शिकवलं. तिला दुखत होतं, ती ओठ चावत होती. मी दाबलं की थेंब येई, पिवळा, चिकट. दवाखान्यानं दिलेल्या लहानशा वाटीत आम्ही ते धरलं. पहिल्या खेपेला वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. ती म्हणाली, एवढ्यानं काय होणार? मी वाटीवर हात धरला आणि काचेच्या खोलीकडे निघाले.